प्रश्न मुलाचा, पारख कोणाची ?

शाळेचा निकाल लागला म्हणजे आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : “किती गुण मिळाले ?” आजोबा तो विचारतात, काकू विचारते, शेजारच्या बिऱ्हाडांतल्या वहिनी विचारतात, आणि सायंकाळीं मुंबईहून लोकलनें परतलेले वडीलहि दारांत चपला काढतां काढतां तोच प्रश्न विचारतात. “तुझें काम तुला स्वतःला कसें वाटलें ?” हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्याच तोंडून निघत नाहीं. जणूं काय मुलानें काम करावयाचें आणि तें बरें कीं वाईट हें दुसऱ्यानें ठरवावयाचें, अशी सृष्टीची रचनाच आहे ! हा न विचारला जाणारा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु आज शाळांतून जें नवें शिक्षण येऊं घातलें आहे, त्याचें यशापयश बव्हंशीं ह्याच प्रश्नावर अवलंबून आहे, असें प्रस्तुत लेखकाचें अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर मत झालें आहे. तें सुज्ञ वाचकांपुढें मांडण्यासाठीं हा लेखप्रपंच.

गेल्या कांहीं वर्षांत ‘शोधाधिष्ठित अध्यापन’ हा शब्द शिक्षकांच्या बैठकींतून वारंवार कानीं पडतो. त्याचा अर्थ अवघड नाहीं. पूर्वीं गुरुजी उत्तर सांगत व मुलें तें पाठ करीत. आतां गुरुजींनीं मुलांसमोर प्रश्न ठेवावा, किंवा मुलांकडूनच तो काढून घ्यावा, आणि निरीक्षण, मोजमाप, विचारपूस, वाचन ह्या मार्गांनीं मुलांनीं त्याचें उत्तर शोधावें, एवढाच त्याचा आशय. अमेरिकेंत जॉन ड्युई ह्या तत्त्वज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ह्या विचाराचा जोरानें पुरस्कार केला. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें प्राथमिक वर्गांकरितां ‘हलके-फुलके विज्ञान’ हीं पुस्तकें तयार केलीं, तीं ह्याच वाटेनें जाणारीं आहेत. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनीं ‘ज्ञानरचनावाद’ ह्या नांवाखालीं वर्गाची सारी मांडणीच पालटली, आणि ती पाहण्याकरितां महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक तेथें गेले.

हें सर्व स्वागतार्हच आहे. परंतु ह्यांत एक विसंगति राहून जाते, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. प्रश्न मुलाचा, शोध मुलाचा, आणि निवाडा मात्र सर्वस्वीं दुसऱ्याचा ! मूल चाणाक्ष असतें. निवाडा कोणाच्या हातीं आहे हें त्याला लवकर उमगतें, आणि मग खरा प्रश्न नदींत, झाडांत किंवा जुन्या इमारतींत राहत नाहीं. ‘बाईंना काय लिहिलेलें आवडेल?’ हाच खरा प्रश्न होऊन बसतो. शोध संपतो आणि शोधाचें सोंग सुरू होतें. वह्यापुस्तकांच्या दुकानांतून तयार तक्ते आणि तयार ‘प्रकल्प’ विकत मिळतात. रात्रीं अकरा वाजतां आई पुठ्ठे कापीत बसलेली असते, मामा संगणकावरून चित्रें काढून देतो, आणि मूल तेवढें शेजारच्या खोलींत निजलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं त्या प्रकल्पाला दहापैकीं नऊ गुण मिळतात. ते गुण कोणाचे, हें वाचकांनींच ठरवावें.

आपल्या परंपरेंत ह्या विषयावर एक मार्मिक आख्यायिका आहे. छांदोग्योपनिषदांत इंद्र आणि विरोचन हे दोघे आत्म्याचें ज्ञान मिळविण्यासाठीं प्रजापतीकडे जातात. बत्तीस वर्षें ब्रह्मचर्यानें राहिल्यावर प्रजापति त्यांना पाण्यानें भरलेल्या पात्रांत स्वतःचें प्रतिबिंब पाहावयास सांगतो. विरोचनाचें तेवढ्यानें समाधान होतें. देह हाच आत्मा असें समजून तो असुरांकडे परत जातो आणि तेंच त्यांना शिकवितो. इंद्रहि निघतो खरा, परंतु देवांकडे पोंचण्यापूर्वींच वाटेंत त्याच्या मनांत विचार येतो कीं, देह आंधळा झाला तर हा आत्माहि आंधळा व्हावयाचा. तेव्हां ह्या उत्तरांत कांहीं चांगलें दिसत नाहीं. तो हातांत समिधा घेऊन पुन्हां गुरूकडे येतो. असें एकदां नव्हे, तीनदां घडतें, आणि बत्तीस, बत्तीस, बत्तीस व शेवटीं पांच मिळून त्याचीं एकशेंएक वर्षें गुरुगृहीं जातात.

ह्या कथेंत ध्यानीं घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, प्रजापतीनें दोघांनाहि सारखेंच उत्तर दिलें होतें. कोणाला उत्तीर्ण केलें नाहीं, कोणाला अनुत्तीर्ण केलें नाहीं. दोघांतला फरक पडला तो वाटेंत, गुरु समोर नसतांना. एकानें आपल्या उत्तराची पारख केली, दुसऱ्यानें केली नाहीं. शिवाय इंद्राची ही पारख उद्धटपणाची नव्हती. तो समित्पाणि होऊन, म्हणजे शिष्याच्या नम्रतेनें परत आला. स्वतःच्या कामाचें मूल्यमापन स्वतः करावयाचें म्हणजे गुरूला दूर सारावयाचें, असा ज्यांचा समज आहे त्यांनीं हा प्रसंग अवश्य मनन करावा. पारख करणारा शिष्यच गुरूकडे अधिक वेळां परत येतो.

आतां हा विचार प्रत्यक्ष वर्गांत कसा उतरेल, तें पाहूं. त्यासाठीं दूर जावयास नको. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं मध्य रेल्वेवरील ओळीनें येणारीं तीन गांवें घेतलीं, तरी मुलांच्या शोधबुद्धीला पुरून उरेल एवढी सामग्री तेथें आहे.

प्रथम अंबरनाथ. तेथील वालधुनीच्या कांठचें शिवमंदिर पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, असें गांवांतील वृद्ध माणसें सांगत आलीं आहेत. मंदिरांतील शिलालेखांत मात्र शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख असून, तो काळ शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दीचा आहे. समजा, सातवीच्या वर्गानें ‘हें मंदिर कोणीं व केव्हां बांधलें ?’ हा प्रश्न घेतला. नेहमींच्या पद्धतीनें ‘१०६०’ हा आंकडा लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळतील, मग तो त्यानें कोठून उतरला असो. परंतु चतुर शिक्षक शोधाला आरंभ करण्यापूर्वींच मुलांना विचारील : “चांगलें उत्तर कोणतें, हें आपण कशावरून ओळखणार ?” मुलें प्रथम म्हणतील, अक्षर सुंदर हवें, चित्रें हवींत, उत्तर लांबलचक हवें. मग शिक्षकानें नांव नसलेले दोन जुने नमुने त्यांच्यापुढें ठेवावे. एक चार पानांचा, सजविलेला, पण सारा ऐकीव. दुसरा अर्ध्याच पानाचा, पण शिलालेखाचा आधार देणारा आणि ‘पांडवांची कथा लोक सांगतात, पण तिचा लेखी पुरावा आम्हांस मिळाला नाहीं’ असें स्पष्टपणें म्हणणारा. ‘ह्यांपैकीं कोणाच्या सांगण्यावर तुम्ही विश्वास ठेवाल ?’ एवढें विचारलें कीं, मुलांच्या कसोट्या आपोआप पालटूं लागतात. प्रश्न नीट मांडला आहे काय ? हें कोठून कळलें तें सांगितलें आहे काय ? आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट लपविली तर नाहीं ना ? काय कळावयाचें राहिलें, तें कबूल केलें आहे काय ? अशा चार कसोट्या मुलांच्या स्वतःच्या शब्दांत फळ्यावर येतात, आणि महिनाभर तेथेंच राहतात. शिक्षकानें त्याच चार कसोट्या छापून वांटल्या असत्या, तर मुलांनीं त्या वहींत चिकटवून विसरल्या असत्या. कसोटी घडविण्यांत ज्याचा हात असतो, त्यालाच ती आपली वाटते.

दुसरें उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींतून आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें ‘उल्हासनगर’ असें नामकरण झालें. आजहि तेथील पत्ता एक ते पांच ह्या ‘कँप’च्या आंकड्यांनीं सांगतात. अशा गांवीं मुलांनीं ‘आमचें कुटुंब येथें कसें आलें ?’ हा प्रश्न घ्यावा, हें किती स्वाभाविक ! कोणी सिंधी मूल आपल्या पणजीशीं बोलेल, कोणी मराठी मूल गिरणी किंवा कारखाना धरून कोंकणांतून, घाटावरून आलेल्या आजोबांशीं. येथें दुसरें साधन उपयोगी पडतें, तें म्हणजे सहाध्यायांची पारख. ‘छान’, ‘बरें’, ‘वाईट’ हे शब्द वर्ज्य; एक गुण आणि एक शंका सांगावयाची, आणि तीहि लेखांतील ओळीवर बोट ठेवून, एवढाच नियम. समजा, एकीनें लिहिलें, ‘येथें येऊन पणजीला फार आनंद झाला.’ शेजारीण विचारते, “असें पणजी म्हणाली, कीं तुला वाटलें ?” मूल निरुत्तर होतें, पुन्हां पणजीकडे जातें, आणि ह्या खेपेस कदाचित् निराळेंच कांहीं ऐकून येतें : मागें राहिलेलें घर, आगगाडींतील गर्दी, बराकींतली पहिली रात्र. ह्या एका शंकेनें जें काम केलें, तें दहापैकीं सात हा लाल शाईंतला आंकडा करूं शकला असता काय ? विद्येचा एक चतुर्थांश सब्रह्मचाऱ्यांकडून मिळतो, असा हिशेब आपल्या जुन्या सुभाषितकारानें मांडला आहे, तो उगीच नव्हे.

तिसरें बदलापूर. तेथें उल्हास नदी आहे आणि मुसळधार पाऊस आहे. २७ जुलै २०१९ रोजीं नदीला पूर येऊन बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली, आणि हजारांहून अधिक प्रवाशांना नावांतून सोडवावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. अशा गांवच्या शाळेनें पर्जन्यमापन हा विषय घ्यावा. सरळ कडांची बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापावा, तो उलटा करून गाळण्यासारखा तोंडावर बसवावा, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी, कीं पर्जन्यमापक तयार झाला. आतां समजा, एका सकाळीं एका गटाचा आंकडा ३८ आला आणि दुसऱ्याचा ५२. गुणांचा धाक असेल तर काय होईल, हें सांगावयास नको. दोन्ही गट हळूच एकमेकांच्या वह्या पाहतील, आणि दोन्हींकडे ४५ लिहिलें जाईल. बाई बरोबरची खूण करतील. पण वहीच्या शेवटीं ‘माझ्या मापांत चूक कोठें असूं शकेल ?’ असा रकाना असेल, आणि चूक शोधणाऱ्याचा वर्गांत मान होत असेल, तर त्याच मुलांना दिसून येईल कीं, एक बाटली पागोळ्यांखालीं ठेवली होती. ३८ आणि ५२ हे दोन्ही आंकडे जसेच्या तसे राहतील. त्यांच्या शेजारीं कारण लिहिलें जाईल. बाटली उघड्यावर हलविली जाईल. विज्ञान म्हणतात तें हेंच. पहिल्या वर्गांत मुलें खोटा आंकडा लिहावयास शिकलीं आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली. दुसऱ्या वर्गांत तीं खरें बोलावयास शिकलीं. फरक पुस्तकाचा नव्हता, पारख कोणाची ह्याचा होता.

ही कल्पना परदेशांतून आणलेली नवलाई आहे, असें मात्र कोणी समजूं नये. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद् भरली, आणि तींतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिति नेमली गेली. ह्या समितीनें प्रचलित परीक्षापद्धतीवर कडक टीका केली होती. तिनें पुरस्कारिलेल्या नई तालीमेंत सूतकताईला जें स्थान होतें, त्यांत अर्थशास्त्राइतकेंच शिक्षणशास्त्रहि होतें. सूत तुटलें कीं नाहीं, जाड झालें कीं बारीक, ६४० तारांची गुंडी पुरी भरली कीं नाहीं, हें मुलाला स्वतःच्या बोटांनीं कळतें. त्यासाठीं परीक्षकाची वाट पाहावी लागत नाहीं. पुढें कोल्हापुरांत लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलें, आणि स्पर्धेवांचून, भीतीवांचून मूल शिकतें, हें वर्षानुवर्षें दाखवून दिलें. आपल्या वैदिक पाठशाळांतील जटा, घन इत्यादि विकृतिपाठांचें प्रयोजन तरी काय ? पदें उलटसुलट क्रमानें म्हणतांना चूक झाली तर ती म्हणणाऱ्याच्या आणि बरोबरच्या छात्राच्या तत्काळ कानावर यावी, हेंच. पारखेचें साधन पाठांतच गोंवलेलें होतें.

सरकारी धोरणानेंहि ही गोष्ट मान्य केली आहे, परंतु कशी, तें पाहण्यासारखें आहे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानें ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ लागू केलें. त्यांतील आकारिक मूल्यमापनासाठीं आठ साधनें सांगितलीं होतीं : दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि आठवें ‘इतर’. स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी-मूल्यमापन ह्यांना जागा मिळाली, ती ह्या आठव्या ‘इतर’ मध्यें ! पंगतीला बोलाविलें खरें, पण पान ओसरीवर मांडलें. शिक्षकांनीं प्रत्येक मुलाविषयीं ज्या वर्णनात्मक नोंदी लिहावयाच्या, त्यांचे तयार नमुने बाजारांत आले, आणि ‘स्वतःचें मत ठामपणें मांडतो’ हें एकच वाक्य अनेक मुलांच्या नांवापुढें उतरविलें जाऊं लागलें. मत मांडणाऱ्या मुलाला त्याचें मत कोणीं विचारलेंच नव्हतें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मात्र ह्या पाहुण्याला माजघरांत घेतलें आहे. प्रगतिपत्रकांत शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचें स्वतःचें आणि सहाध्यायांचेंहि मूल्यमापन असावें, असें त्या धोरणांत स्पष्ट म्हटलें आहे. आणि ‘परख’ नांवाच्या राष्ट्रीय संस्थेनें तशा समग्र प्रगतिपत्रकांचे नमुने तयार केले आहेत. आपल्या राज्यांत नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय ठेवला गेला, तोहि अशा शोधाला अनुकूलच आहे. दार उघडलें आहे. प्रश्न इतकाच कीं, आंत मूल जाणार, कीं त्याच्या नांवानें घरांतील वडील माणसें जाणार ?

संशोधनाचा कौलहि ह्याच बाजूचा आहे. इस्रायलमध्यें रूथ बटलर ह्या विदुषीनें १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांचे तीन गट केले होते : एकाला केवळ गुण दिले, दुसऱ्याला केवळ लेखी अभिप्राय, आणि तिसऱ्याला दोन्ही. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांचें पुढील काम सुधारलें. गुण व अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांत मात्र ती सुधारणा दिसली नाहीं. आंकडा दिसला कीं शब्द वाचावयाचे राहून जातात, असेंच ह्यावरून म्हणावें लागतें. १९९८ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनीं सुमारें अडीचशें अभ्यासांचा परामर्श घेतला, आणि मुलानें स्वतःच्या कामाची पारख करणें ही चैनीची वस्तु नसून अध्ययनाचें आवश्यक अंग आहे, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियांतील रॉइस सॅडलर यांनीं तर १९८९ मध्येंच ह्यांतील मर्म सांगितलें होतें : चांगलें काम कसें असतें तें मुलाला कळलें पाहिजे, आपलें काम त्यापासून किती दूर आहे तें त्याला दिसलें पाहिजे, आणि तें अंतर तोडण्यासाठीं त्याच्या हातीं कांहीं उपाय असला पाहिजे. ह्या तिहींपैकीं एकहि गोष्ट नुसत्या आंकड्यांत सांपडत नाहीं.

ह्यावर आक्षेप पुष्कळ येतील, आणि ते सर्वच उडवून लावण्यासारखे नाहींत. पहिला असा कीं, मुलें स्वतःला भरमसाट गुण देतील. देतीलच, आणि म्हणूनच त्यांच्या हातीं गुण देऊं नयेत, कसोटी आणि पुरावा द्यावा. ‘मी चांगलें काम केलें’ असें लिहून भागूं नये. ‘कोणत्या पानावर, कोणत्या ओळींत’ हें दाखवावें लागावें. अंतिम श्रेणी देण्याचा अधिकार शिक्षकाचाच राहावा. मुलाच्या आणि शिक्षकाच्या मतांत जेथें अंतर पडेल, तेथें दोघांनीं दहा मिनिटें बसून बोलावें. हें बोलणें हाच त्या दिवसाचा खरा पाठ. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सहाध्यायांच्या पारखेंत मैत्री, वैर, पैसा, जात आणि रूप हीं हळूच शिरतात. लाजाळू किंवा गरीब मुलाचें काम उगीच खालीं ओढलें जातें. हें भय खरें आहे. ह्यासाठींच आरंभीं कागदावर नांव नसावें, अभिप्राय माणसावर नव्हे तर ओळीवर असावा, आणि शिक्षकाचा कान तेथें सदैव जागा असावा. ज्या वर्गांत एकमेकांना हिणविण्याची संवय आहे, तेथें प्रथम ती संवय मोडावी आणि मगच ही पद्धत आणावी. तिसरा आक्षेप संख्येचा. कायद्यानें प्राथमिक शाळेंत तीस मुलांमागें एक शिक्षक सांगितला असला, तरी पुष्कळ वर्गांतून मुलें दाटीवाटीनें बसलेलीं असतात. परंतु येथें संख्येचा उपद्रव उलट कमी होतो. साठ वह्या एकट्या शिक्षकानें तपासण्यापेक्षां तीस जोड्यांनीं आधीं एकमेकांच्या पाहिल्या, तर शिक्षकाची दृष्टि जेथें हवी तेथें पोंचते. चौथा आक्षेप दहावीच्या परीक्षेचा. ती परीक्षा आहे, आणि आपल्या मुलांना ती द्यावयाचीच आहे. पण आपल्या उत्तरांतील उणीव आपली आपण ओळखणारा मुलगा परीक्षेच्या दालनांत, जेथें विचारावयास कोणी नसतें, तेथें मागें कां पडावा ?

आतां शेवटचा आणि ह्या मासिकाच्या वाचकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा भाग : घर. आई-वडील दोघेहि पहांटेची लोकल गांठणारे असले, म्हणजे मुलाचा अभ्यास बहुधा आजी-आजोबांच्या किंवा काका-काकूंच्या देखरेखीखालीं होतो. एकत्र कुटुंबाचें हें मोठें भाग्य आहे, आणि ह्याच भाग्यांत एक धोकाहि दडलेला आहे. प्रगतिपत्रकांत ‘माझ्याविषयीं मला काय वाटतें’ अशा अर्थाचें पान आलें, कीं घरांतील एखादें शिकलेलें माणूस प्रेमानें पुढें होतें, आणि “थांब, मी सांगतो तसें लिही” असें म्हणतें. भाषा शुद्ध होते, अक्षर वळणदार येतें, आणि त्या पानाचा प्राण जातो. आमची वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति आहे कीं, तें पान अशुद्ध राहूं द्यावें. ‘मला भूमिती येत नाहीं पण मी बोललो नाहीं’ असें वेडेंवांकडें वाक्य मुलानें स्वतः लिहिलें, तर तें दहा सुभाषितांहून मोलाचें समजावें, आणि त्याबद्दल रागावूं तर मुळींच नये. एकदां खरें लिहिल्याबद्दल शिक्षा झाली, म्हणजे मूल पुन्हां खरें लिहीत नाहीं.

मग वडील माणसांनीं करावें तरी काय ? ऐकावें. रात्रीं जेवणें झाल्यावर घटकाभर मुलाला आपलें काम दाखवूं द्यावें, आणि निवाडा देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : ह्यांत तुला चांगलें काय वाटतें ? कोठें अडलें ? पुन्हां करावयाचें झालें तर काय बदलशील ? उत्तर येईपर्यंत थांबावें. हें थांबणें आपल्यासारख्या बोलक्या माणसांना फार जड जातें, पण तेंच खरें औषध आहे. चुलत भावंडें एकत्र असलीं, तर एकाच्या गुणांशीं दुसऱ्याच्या गुणांची तुलना करूं नये. त्याऐवजीं थोरल्यानें धाकट्याच्या वहींतील एक चांगली जागा दाखवावी आणि एक शंका विचारावी. मुलाचा पर्जन्यमापक चुकीच्या जागीं ठेवलेला दिसला, तरी दोन दिवस गप्प बसावें. त्याचें त्याला कळूं द्यावें. त्या दोन दिवसांत त्याला मिळणारा आनंद आपण हिरावून घेऊं नये.

ह्यांत एवढें मोठें काय पणाला लागलें आहे, असें कोणी विचारील, तर त्यास वालधुनीच्या कांठीं नेऊन उभें करावें. अंबरनाथच्या डोंगरांत उगम पावणारी, शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरांतून कल्याणकडे जाणारी ही नदी आज कशी दिसते, हें आपण सारे नाकाला रुमाल लावून रोज पाहतों. २०१४ च्या नोव्हेंबरांत उल्हासनगर येथें तिच्या पाण्यांत विषारी रसायन सोडलें गेलें, आणि वायूची बाधा होऊन शेंकडों रहिवाशांना रुग्णालयांत जावें लागलें. नदींत सोडावयाच्या पाण्याचीं मापें माणसेंच घेतात, नोंदवह्या माणसेंच भरतात, आणि त्या भरतांना बहुधा कोणी परीक्षक शेजारीं उभा नसतो. तेथें खरा आंकडा लिहावयाचा कीं सोईचा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. असें ठरविण्याचा अभ्यास नोकरींत लागल्यावर होत नसतो. तो दहाव्या-बाराव्या वर्षीं, ३८ चे ४५ न करतां ३८ च राहूं देण्यांत होतो. तेव्हां यंदाच्या पावसाळ्यांत घरांतील मुलाच्या हातीं एक बाटली, एक पट्टी आणि एक कोरी वही द्यावी; आणि त्या वहींत आपण एक अक्षरहि लिहूं नये.